हुकूम आणि तामिली

ज्या क्षणिक आणि कर्कश आघाताला आज आम्ही रेडिओतला दोष समजतो, आणि ज्याच्या निर्मूलनासाठी रात्रीच्या रात्री खर्ची घालतो, तोच आघात एके काळी या विद्येचा एकमेव आधार होता, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. 1901 सालच्या डिसेंबरात मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर बसून अटलांटिकपलीकडून आलेले ‘एस’ हे अक्षर ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा कॉर्नवॉलमधील पोल्धूच्या केंद्रात जे काही चालले होते ते ठिणग्यांची माळ उडविण्यापलीकडे काही नव्हते. प्रत्येक ठिणगी हा एक आघात, आणि तो विझत जाणाऱ्या लहरींच्या रूपाने वर्णपटाच्या मोठ्या पट्ट्यावर सांडत असे. पुढे व्हॉल्व्ह आले, अखंड लहर साधली, एकाच्या संदेशाने दुसऱ्याच्या संदेशावर आक्रमण करू नये असे कायदे झाले, आणि ठिणगीची या क्षेत्रातून हद्दपारी झाली. परंतु हद्दपार झालेला इसम वेश पालटून परत यावा तशी ती पुनःपुन्हा परत येते, आणि तिची अगदी अलीकडची वस्ती मला माझ्याच टेबलावर, संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या हातभर लांबीच्या एका पेटीत सापडली.

या नव्या रेडिओची रचना जुन्या माणसाला प्रथमदर्शनी अपुरीच वाटते. जोसेफ मिटोला यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही कल्पना मांडली, 2001 साली ‘जीएनयू रेडिओ’ हा मुक्त प्रोग्रॅम सुरू झाला, आणि 2012 नंतर दूरचित्रवाणीसाठी बनविलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलांतूनही कच्चे सिग्नल काढता येतात हे उघड झाल्यावर ही विद्या विद्यार्थ्यांच्या खिशापर्यंत आली. प्रक्षेपण करणारी यंत्रे त्यामानाने महाग; पण तीही आता हौशी माणसाच्या आवाक्यात आहेत. त्यांत गुंडाळी नाही, ट्रिमर नाही, कानाला लावून ऐकावी अशी गुणगुण नाही. संगणक दर सेकंदाला लाखो आकडे तयार करतो, ते आकडे केबलवाटे पेटीत जातात, पेटीतली चिप त्यांचे विद्युद्दाबात रूपांतर करून त्यांना हव्या त्या वारंवारतेवर नेऊन बसविते, आणि पुढे लहानसा ॲम्प्लिफायर त्यांना दहा वॅटपर्यंत बलवान करून अँटेनाकडे पाठवितो. आकडे म्हणजे हुकूम, आणि लहर म्हणजे त्याची तामिली. हुकूम निघाल्यापासून त्याची तामिली होईपर्यंत मध्ये किती दप्तरे लागतात, आणि प्रत्येक दप्तरात कागद किती वेळ पडून राहतो, हे मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही.

माझ्या तक्रारीचा उगम शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका स्नेह्यांपासून झाला. ते दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, मोर्समध्ये कान तयार असलेले, आणि परक्याच्या सिग्नलबद्दल बोलताना भीडमुर्वत न बाळगणारे गृहस्थ आहेत. दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे आपल्याकडील हौशी परवानाधारकांना मिळालेल्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या दरम्यान, आमचे मोर्समधले संभाषण चालत असे. एका संध्याकाळी त्यांनी मोर्स थांबवून सरळ फोनच केला. “अहो, तुमच्या आधी तुमचा टक् येऊन पोहोचतो,” ते म्हणाले, “आणि तो नुसता तुमच्या जागेवर येत नाही, शेजारच्या चार घरांत डोकावून येतो. शिवाय मधेच कधी कधी खडखडता, ते निराळेच.”

हा अभिप्राय मी अक्षरशः लिहून घेतला, कारण त्यात तीन वेगळ्या तक्रारी होत्या आणि त्या एकाच दोषाची लक्षणे असतीलच असे मानण्याला कोणताही आधार नव्हता. आघात सिग्नलच्या आधी येतो, ही एक. तो आजूबाजूला पसरतो, ही दुसरी. आणि मधेच अनियमितपणे खडखडाट होतो, ही तिसरी. दोषाच्या तपासात लक्षणे घाईने एकत्र केली की तपास लवकर आटोपतो, पण दोष जागचा हलत नाही, हा नोकरीतल्या अनेक वर्षांचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

तपासाची पहिली अट अशी की, अँटेना काढून ठेवावी. प्रक्षेपकाच्या मुखाशी 50 ओहमचा डमी लोड लावला, त्यातून क्षीणकांच्या साखळीने अगदी अल्प अंश घेऊन दुसऱ्या एका रिसीव्हरला दिला, आणि त्या रिसीव्हरचे कच्चे सिग्नल संगणकावर नोंदवून घेण्याची व्यवस्था केली. इथे नवशिक्याला हमखास गोंधळात पाडणारी एक गोष्ट आहे. पडद्यावर जे दिसते ते प्रक्षेपकाचेच आहे, की अतिबलवान सिग्नलाने गुदमरलेला रिसीव्हर ते स्वतःच निर्माण करीत आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यासाठी वाटेत 10 डेसिबलचा आणखी एक क्षीणक घालावा. आघात नेमका 10 डेसिबलांनी खाली आला तर तो खरा, प्रक्षेपकाचा. आणि मूळ सिग्नल 10 डेसिबलांनी उतरला असताना बाजूचा कचरा 20 किंवा 30 डेसिबलांनी कोसळला, तर तो रिसीव्हरच्या पोटात जन्मलेला. माझा आघात इमानाने दहाच डेसिबल उतरला. सबब फिर्याद खरी होती.

दुसरी अडचण अशी की, हे क्षणिक उद्रेक ज्या साधनांनी आपण नेहमी पाहतो त्या साधनांना ते दिसतच नाहीत. स्पेक्ट्रम ॲनालायझरची रेघ पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते, आणि ती डावीकडे असताना उजवीकडे आघात झाला तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. धबधब्यासारखे वरून खाली वाहणारे चित्र बरे. पण त्यातही चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून पुष्कळ क्षणांची सरासरी घेतलेली असते, आणि एका मिलिसेकंदाचा अपराध सरासरीत सहज निर्दोष सुटतो. म्हणून ॲनालायझरला एकाच वारंवारतेवर स्थिर करून, फक्त काळाच्या अक्षावर सिग्नलची उंची दाखविणाऱ्या झिरो-स्पॅन पद्धतीत ठेवले. तेव्हा पडद्यावर जे चित्र उमटले ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे: आरंभी सुईसारखा बारीक आणि उंच एक काटा, त्यानंतर काही मिलिसेकंदांची पूर्ण शांतता, आणि मग पहिल्या डिटचा, कड्यासारख्या सरळ उभ्या कडांचा चौकोनी ओटा. म्हणजे एकाच दृष्टिक्षेपात दोन निराळे गुन्हेगार हजर झाले होते. काटा वेगळा आणि कडा वेगळी.

यांपैकी कडेचा बंदोबस्त सोपा, कारण तो दोष शंभर वर्षांच्या परिचयाचा आहे. मोर्सची की दाबताच लहर शून्यातून एकदम पूर्ण उंचीवर गेली, तर तिची ऊर्जा केवळ आपल्या जागेवर राहत नाही; आपल्या वारंवारतेपासून जितके दूर जावे तितकी ती कमी होते खरी, परंतु अंतर दसपट झाले तरी केवळ 20 डेसिबलांनी. तीच कड जर कोसाइनच्या सौम्य वळणाने उचलली, तर त्याच दसपटीला उतार 60 डेसिबलांचा होतो आणि शेजाऱ्याच्या घरात जाण्याइतके त्रास देणारे काही उरत नाही. मिनिटाला वीस शब्दांच्या गतीने एक डिट 60 मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिसेकंदांचा उतार दिला तर कानाला अक्षर तितकेच स्पष्ट ऐकू येते. जुन्या प्रक्षेपकात हे काम एखादी गुंडाळी आणि एखादा कपॅसिटर करीत असत, आणि बहुधा न सांगता करीत. लोखंड आणि तांबे यांच्या अंगीच एक प्रकारचा आळस असतो. आकड्यांना आळस नाही. त्यांना शून्यावरून एकावर जा म्हटले की ते पुढच्याच सॅम्पलला जातात. म्हणून तो आळस आता प्रोग्रॅमात हाताने लिहावा लागतो. दर सेकंदाला दहा लाख सॅम्पल जात असतील तर पाच मिलिसेकंदांच्या उतारासाठी पाच हजार आकड्यांची पायरी-पायरीने चढण रचावी लागते. याच निमित्ताने सॅम्पलांची कमाल उंची मी पूर्ण मर्यादेवरून सात-दशांशावर आणली, कारण सॅम्पलांची संख्या वाढविणारे आतले फिल्टर उभ्या कडेजवळ किंचित उसळी घेतात, आणि आधीच काठोकाठ भरलेल्या सिग्नलाची ती उसळी माथ्यावर कापली जाऊन नवा कचरा निर्माण होतो.

कडा निवळल्या; शेजारच्या घरांत डोकावणे थांबले. काटा मात्र जागच्या जागी होता.

आता या काट्याचे मूळ सॅम्पलांत आहे की सॅम्पलांबाहेर, हा प्रश्न होता आणि त्याचा निकाल लावणारी कसोटी इतकी साधी आहे की ती सगळ्यांत आधी करावी असे मी आता प्रत्येकाला सांगतो. प्रोग्रॅमातून संदेश काढून टाकावा आणि केवळ शून्ये पाठवावीत: प्रक्षेपण सुरू करावे, शून्यांचा प्रवाह सोडावा, प्रक्षेपण बंद करावे. हुकुमात काहीही लिहिलेले नसताना जर तामिलीत काही उमटले, तर तो मजकूर लेखकाचा नव्हे, कारकुनाचा. मी शून्ये सोडली आणि काटा तितक्याच उंचीने, तितक्याच तोऱ्यात उभा राहिला.

मग चिपची माहितीपत्रके काढून बसलो. अशा चिपमध्ये सिग्नल दोन शाखांनी वाहतो, त्यांना आय आणि क्यू म्हणतात. त्या दोहोंचा तोल किंचितही बिघडला तर सिग्नलची आरशातली प्रतिमा पलीकडच्या बाजूला उमटते, आणि मध्यबिंदूवर स्थानिक आंदोलकाची लहर पाझरते. हा तोल जुळविण्यासाठी चिप स्वतःच आतून एक परीक्षेचा सूर सोडते, त्याची प्रतिमा मोजते आणि दुरुस्ती करते. हे सर्व शहाणपणाचेच आहे. पण हा परीक्षेचा सूर चिपच्या बाहेर जाणाऱ्या वाटेनेच जातो. आणि माझा प्रोग्रॅम ऐकण्याकडून बोलण्याकडे वळताना दर वेळी वारंवारता नव्याने बसविण्याची आज्ञा देत असल्यामुळे, चिप दर वेळी इमानेइतबारे परीक्षा देऊ लागे, आणि तोवर पुढच्या ॲम्प्लिफायरला शक्ती पोहोचलेली असल्यामुळे ती खाजगी परीक्षा भर चौकात होत असे.

उपाय दोन, आणि दोन्ही केले. वारंवारता बसविण्याची आज्ञा आरंभी एकदाच देऊन, परीक्षा डमी लोडवर उरकून घेऊ लागलो. दुसरा उपाय क्रमाचा. प्रक्षेपण करावयाचे झाले की आधी चिपचा प्रक्षेपक जागा करावा आणि त्याला शून्ये द्यावीत; मग अँटेनाचा रिले पाडावा आणि त्याचे संपर्क थरथरायचे थांबेपर्यंत वीसेक मिलिसेकंद स्वस्थ बसावे; मग ॲम्प्लिफायरला बायस द्यावा; आणि सर्वांत शेवटी पहिला डिट सोडावा. संपविताना हाच क्रम उलटा. यात नवे काहीच नाही. माझ्या नोकरीची पहिली वर्षे मध्यम लहरींच्या व्हॉल्व्ह-प्रक्षेपकांवर गेली, आणि तिथे आधी थंड हवेचा झोत, मग फिलामेंट, मग ग्रिडचा बायस आणि मग उच्च दाब असा क्रम असे. तो क्रम कुणी पाठ करावा लागत नसे, कारण हवा वाहत नसेल तर फिलामेंट पेटत नसे, आणि बायस नसेल तर उच्च दाबाचा रिले खेचलाच जात नसे. नव्या यंत्राने मला बटणांच्या त्या रांगेतून मुक्त केले, पण तिच्याबरोबर तिच्यामागची शिस्तही गेली हे कळायला हा काटा दिसावा लागला.

क्रम लावल्यावर आरंभ स्वच्छ झाला. आंदोलकाची पाझर तेवढी उरली. ती काही क्षणिक नसते, मौनातही मध्यबिंदूवर बारीक आवाजात गुणगुणत राहते. पाझर मूळ सिग्नलाहून 40 डेसिबल खाली असेल तर ते प्रमाण कागदावर नगण्य दिसते. परंतु दहा वॅटच्या प्रक्षेपकात ते एक मिलिवॅट होते, आणि दोन मीटरच्या पट्ट्यावर मोकळ्या टेकडीवरून एक मिलिवॅट कुठवर जातो हे ज्याने अनुभवले आहे तो त्याला नगण्य म्हणणार नाही. पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला तर ही काळजी अधिकच असावी. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महादुर्बीण आहे, आणि तिच्या निरीक्षणाच्या पट्ट्यांपैकी एक 150 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आमच्या दोन मीटरच्या शेजारचाच. आकाशातून तिथे येणारी ऊर्जा ज्या एककात मोजतात, ते जान्स्की हे एकक म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला एका वॅटच्या दशांश चिन्हापुढे पंचवीस शून्ये लिहून मग एक लिहावा इतका अंश. त्या मापाच्या शेजारी बसून मिलिवॅटाला क्षुल्लक म्हणण्याची माझी तयारी नाही. बोलणे संपताक्षणी बायस काढून घ्यायचा, या नियमामुळे मौनातली ती गुणगुण निदान ॲम्प्लिफायरच्या अलीकडे राहू लागली.

शेवटच्या बाजूची कथा अधिक मनोरंजक आहे. स्नेह्यांनी सांगितले की, आता आधीचा टक् येत नाही, पण अधूनमधून तुमच्या बोलण्याच्या आरंभी एक अर्धवट डिट ऐकू येतो, जो त्या अक्षरात बसत नाही. नोंदविलेली फाइल काळजीपूर्वक उलगडून पाहिली तेव्हा तो अर्धा डिट आधीच्या बोलण्याचा निघाला. प्रोग्रॅमच्या लेखी संदेश संपला होता, म्हणून त्याने यंत्र बंद केले. परंतु त्याचे शेवटचे आकडे केबलच्या आणि पेटीच्या मध्ये बफरमध्ये वाट पाहत उभे होते. ते तिथेच अडकून राहिले, आणि पुढच्या वेळी दार उघडताच सर्वांत आधी बाहेर पडले. दहा मिनिटांपूर्वी मी घेतलेल्या निरोपाची शेपटी नव्या नमस्काराला चिकटून जात होती. याला औषध म्हणजे संदेशामागून शून्यांची भरपूर लांब रांग पाठविणे, जेणेकरून मागून ढकलले जाऊन खरे आकडे सगळे बाहेर पडतील आणि बफरमध्ये अडकायचेच तर शून्ये अडकतील. ही रांग किती लांब असावी हे हिशेबाने काढता येते. मी हिशेबाच्या दुप्पट ठेवली आहे, कारण बफरांची खरी संख्या माहितीपत्रकात जितकी लिहिलेली असते तितकीच असते यावर माझा विश्वास नाही.

तिसरी तक्रार, मधल्या खडखडाटाची, सर्वांत चिवट ठरली. कारण ती आमंत्रणाने येत नसे. आम्ही दोघे मुद्दाम वाट पाहत बसलो की यंत्र साळसूदपणे चाले, आणि दीर्घ संभाषणात रंगलो की खडखडे. अखेर नोंदीत सापडले ते असे: लहर वाहता वाहता एकदम तुटे, अल्पकाळ शून्य होई आणि भलत्याच कलेवर पुन्हा सुरू होई. संगणकाला सॅम्पल वेळेवर पुरविता आले नाहीत की असे होते. पेटी आपल्या घड्याळाप्रमाणे आकडा मागते, आकडा आलेला नसतो, आणि ती तारीख तहकूब करीत नाही. दर सेकंदाला वीस लाख सॅम्पल आणि प्रत्येकाला चार बाइट धरले तरी सेकंदाला ऐंशी लाख बाइटांचा अखंड पुरवठा हवा, आणि त्यात काही मिलिसेकंदांचाही खंड चालत नाही. खंड का पडे, याचे उत्तर हास्यास्पद निघाले. आम्ही रंगून बोलत असलो म्हणजे मी कीबोर्डला हात लावीत नसे, हात न लागल्याने संगणक पडदा मालवून वीज वाचविण्याच्या विचारात पडे, आणि त्याची गती उतरताच पुरवठा लडखडे. वाट पाहत बसलो असताना मात्र मी सारखा उंदीर हलवून नोंदी तपाशीत असे, त्यामुळे संगणक जागा राहत असे.

वीज वाचविण्याच्या त्या तरतुदी बंद केल्या, सॅम्पलांचा वेग चौथ्या हिश्श्यावर आणला, आणि खडखडाट फार दुर्मीळ झाला. पण तो कायमचा गेला असे लिहून देण्याची माझी तयारी नाही, कारण जो संगणक एकाच वेळी शंभर कामे करतो तो एकशेएकावे काम केव्हा हाती घेईल हे सांगता येत नाही. म्हणून ॲम्प्लिफायरच्या बायसच्या वाटेत मी एक लहानसे सर्किट घातले आहे. प्रोग्रॅम सुरळीत चालला आहे तोवर तो एका तारेवर ठरावीक अंतराने स्पंद पाठवीत राहतो. पुरवठा खंडित झाल्याची वर्दी मिळाली, किंवा प्रोग्रॅम स्वतःच गोठला, की स्पंद थांबतात आणि ते सर्किट कुणालाही न विचारता बायस काढून घेते. हे प्रोग्रॅमातच एका ओळीत लिहिता आले असते, असे आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाचे म्हणणे आहे, आणि तर्काने ते खरे आहे. पण ज्याच्यावर संशय आहे त्यालाच पंच नेमावे हे मला पटत नाही.

बायस असा अकस्मात काढून घेतला की लहर मधेच उभी तुटते, आणि तुटताना अर्थातच एक टक् होतो. तो एक टक् मी पत्करला आहे, कारण पुढचे वीस त्यामुळे टळतात. स्नेह्यांनी तो आजवर एकदाच ऐकला, आणि लगेच फोन करून वेळ कळविली. ती मी नोंदवहीत लिहून ठेवली आहे.